सलग तीन रात्री आठ

आमच्या कॉलनीत झुरळ मारायचं तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. चपलेचा आवाज शेजारी गेला की किडेसर येतात. रागवायला नव्हे. दारात चपला काढतात, बुशशर्टाच्या खिशातून दोरीला बांधलेलं भिंग ओढून काढतात आणि दवाखान्यातल्या पेशंटची चौकशी करावी तशा हळू आवाजात विचारतात, "कुठलं होतं? अमेरिकन की जर्मन?"

मेलेल्या झुरळाचा पासपोर्ट कोण बघत बसतं? तोवर ते सुपलीतून कचऱ्याच्या डब्यात गेलेलं असतं. मग सर डब्यापाशी उकिडवे बसतात, कांद्याच्या सालींतून प्रेत वर काढतात आणि डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या घरातल्या सगळ्यांना आळीपाळीनं भिंगातून दाखवतात. "जर्मन. मादी. ही बघा, मागे अंड्यांची पिशवी. पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत सोडत नाही ही पिशवी. अमेरिकन बाई कुठंतरी चिकटवून मोकळी होते." एवढं सांगून ते प्रेत खिशातल्या काचेच्या नळीत घालतात, थँक्यू म्हणतात आणि जातात. त्या रात्री त्या घरात कुणाला जेवण जात नाही.

सरांचं खरं नाव अकोल्यात आता फक्त त्यांच्या पेन्शनच्या पासबुकावर उरलंय. मी बँकेत होतो म्हणून मला ते ठाऊक. बाकी जगाला ते किडेसर. या नावाला त्यांची हरकत आहे, पण ती वेगळ्याच मुद्द्यावर. "किडा हा शास्त्रीय शब्द नाही. कीटक म्हणा. सहा पाय, शरीराचे तीन भाग. कोळी घेऊन माझ्याकडे येऊ नका, तो माझ्या खात्यातला नाही." कीटकशास्त्राच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. काम काय, तर कीटक कसे मारावेत हे शिकवायचं. सरकारनं पगार दिला तो अळ्यांच्या निर्दालनासाठी, आणि या गृहस्थानं त्या पगारावर अळ्यांशी अशी सोयरीक जोडली की आपला पक्ष कोणता आणि शत्रूचा कोणता, हे त्यांचं त्यांनाही नीटसं सांगता येत नाही. पोलिसात काही जुने हवालदार असतात बघा, चोराच्या हातसफाईचं वर्णन करताना ज्यांचा ऊर भरून येतो. तसं.

अंगानं सर किरकोळ. स्कूटर जुनी, आणि तिच्या डिकीत स्टेपनीच्या किल्ल्या सोडून सगळं. जाळी, चिमटे, कापूस, डब्या आणि एक चूषक. चूषक म्हणजे दोन नळ्या बसवलेली बाटली. एक नळी कीटकावर धरायची, दुसरी तोंडात, आणि ओढायचं. कीटक बाटलीत येतो. तोंडात येत नाही, कारण तोंडातल्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलीचं फडकं बांधलेलं असतं. हे फडकं एकदा निसटलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं मुद्दाम विचारलं, "सर, चव कशी होती?" सर गंभीरपणे म्हणाले, "फुलकिडे होते. चव लागण्याइतके मोठे नसतात."

सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा त्यांना न विचारता पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. पोरगा चुणचुणीत होता. ओट्याखालच्या बिजागऱ्यांपाशी त्यानं जेलचे ठिपके दिले आणि म्हणाला, "आठ दिवसांत एक दिसणार नाही, गॅरंटी." सरांनी विचारलं, "यात गोड काय घातलंय? ग्लुकोज?" पोरगा म्हणाला, "काका, ते कंपनीला माहीत."

आठ दिवसांनी झुरळं ठिपक्यांना वळसा घालून हिंडत होती. वहिनी कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आणि सर? सरांच्या घरी सत्यनारायण असावा तसा चेहरा! मला खास बोलावणं आलं. "बसा. ही मंडळी गोड खात नाहीत." मी म्हटलं, "शुगर?" सर म्हणाले, "तुम्ही हसा, पण बातमी फार मोठी आहे. गोड आमिषात विष घालून घालून आपण काय केलं? गोड आवडणारी सगळी मारली. एखाददुसरं न आवडणारं होतं ते वाचलं, त्याचीच प्रजा वाढली. अमेरिकेत १९९३ साली हे पहिल्यांदा लिहिलं गेलं. आणि २०१३ मध्ये तिथल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांनी झुरळाच्या तोंडाजवळचे बारीक केस तपासले. त्यातल्या ज्या पेशी कडू चव ओळखतात, त्याच ग्लुकोज लागल्याबरोबर बोंब मारतात. म्हणजे यांना साखर कारल्यासारखी लागते हो!"

मी उठायला लागलो तर म्हणाले, "थांबा, पुढं गंमत आहे." ही गंमत अशी की झुरळातला नर लग्नाआधी पाठीवरचे पंख उचलतो, खालून एक गोड पाक झिरपतो, मादी तो चाटायला चढते आणि ती चाटण्यात गुंग असतानाच कार्य उरकतं. आता ग्लुकोज कडू लागणारी मादी आली की पाक तिच्या लाळेत मिसळतो, त्यातून ग्लुकोज सुटतं, आणि बाई अर्ध्या लग्नातून उठून चालू लागते. "मग? वंश बुडाला?" "छे! या नरांनी पाकाची रेसिपी बदलली. ग्लुकोज चटकन सुटणार नाही अशी साखर वाढवली, आणि विधी थोडक्यात आटोपता घेतला."

आतून वहिनींचा आवाज आला, "झुरळाला कळतं बायकोला काय आवडतं ते."

सर एवढे रंगले होते की त्यांना ऐकूच गेलं नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आणखी कहर झाला. जगभरच्या जर्मन झुरळांची जनुकं तपासून संशोधकांनी जाहीर केलं की हे झुरळ मुळात जर्मन नाहीच. साधारण २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारात ते एका रानातल्या जातीपासून फुटलं आणि माणसाच्या घरात शिरलं. तिथून एक शाखा पश्चिमेला अरबस्तानाच्या वाटेनं गेली, दुसरी पुढं गोऱ्या कंपन्यांच्या गलबतांतून पूर्वेला. युरोपात पोचलं ते जेमतेम पावणेतीनशे वर्षांपूर्वी, आणि तिथं लिनियसनं त्याला जर्मन म्हणून टाकलं. सरांनी हे कॉलनीच्या ग्रुपवर सकाळी सहाला टाकलं, सुप्रभातच्या फुलांच्या वर. शेवटी लिहिलं होतं, "यापुढे कृपया जर्मन म्हणू नये." वकीलसाहेबांनी खाली उत्तर दिलं, "मग आधार कार्ड काढून द्या." सरांनी त्याला अंगठा दाखवला. त्यांना वाटलं असावं की सूचना मान्य झाली.

पण सरांच्या घराची खरी कीर्ती आहे ती अनारशांची.

तुमच्या-आमच्या घरात तांदळात, रव्यात जाळी धरते, आत पांढुरकी अळी निघते आणि तिचा मातकट पतंग होतो. आपण डबा उन्हात ठेवतो. सर या पतंगाला ज्वारी भरडून घालतात. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या खोलीत आठ टब मांडलेत, वर फडकी बांधलेली. त्या टबांतून पतंग निघतात, पतंगांची अंडी गोळा करायची, ती पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डिंकानं चिकटवायची आणि त्यांच्यावर ट्रायकोग्रामा सोडायचा. हा ट्रायकोग्रामा म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातला, पण आकारानं एवढा की पूर्णविरामावर बसला तर पूर्णविरामच दिसेल. तो दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. आतलं पोर मालकाला खाऊन मोठं होतं, अंडं काळं पडतं. ते कार्ड कात्रीनं कापून पट्ट्या पिकाच्या पानामागे स्टेपल करायच्या. पोरं बाहेर पडतात आणि बोंडअळीची अंडी शोधत फिरतात. अळी जन्मालाच येत नाही. सर ही ट्रायकोकार्डं आसपासच्या शेतकऱ्यांना फुकट वाटतात. हातात घेतली तर बारीक पॉलिशपेपर वाटतो.

तर दिवाळीचे दिवस. वहिनींची बहीण अमरावतीहून आलेली. अनारसे थापायला घेतले आणि खसखस संपली. बहीण म्हणाली, "फ्रीजमध्ये आहे की एका डबीत." पुढचं सांगायला नको. सर संध्याकाळी आले, फ्रीज उघडला, डबी रिकामी. ताटातल्या अनारशांकडे गेले. भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. तोवर मी दोन खाल्ले होते, वकीलसाहेबांनी तीन.

"तीन सीसी होती," सर म्हणाले. आवाज कातर झालेला. "एका सीसीत वीस हजार. साठ हजार अंडी गेली. अहो, एका एकराचा डोस खाल्लात तुम्ही!"

वहिनींच्या बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. वकीलसाहेब मोरीकडे धावले. मी मात्र, खोटं कशाला बोलू, जरा घाबरत विचारलं, "सर, काही होणार नाही ना?" सर म्हणाले, "होणार काय? निव्वळ प्रथिनं. पण आता नवी अंडी पडायला आठवडा तरी जाईल हो." खाणाऱ्याच्या पोटाचं काय होईल ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. वहिनी त्यानंतर खसखस कपाटात कुलपाखाली ठेवतात, दागिन्यांजवळ.

संसार कसा झाला असेल, असं कुणी विचारतं. झाला, उत्तम झाला. वहिनींचा स्वभाव सोसणारा, आणि सर प्रेमळ नाहीत असं नाही. त्यांचं प्रेम सहा पायांच्या वाटेनं येतं, एवढंच. अंगणात बसलं की वहिनींना डास जास्त चावतात. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत लोकांना हातावर नायलॉनचे मोजे चढवून बसवलं, त्या मोज्यांवर डास सोडले आणि शोधून काढलं की काही माणसांच्या कातडीवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त असतात, डास त्यांच्यावरच लुब्ध होतात आणि वर्षं गेली तरी ही आवड बदलत नाही. २०२२ चं काम. सरांनी ते वाचलं आणि वहिनींकडे प्रथमच बघावं तसं बघून म्हणाले, "तुझी आम्लं चांगली आहेत हं." वहिनी सांगतात, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, रूपाबद्दल ते एवढंच बोलले.

कोजागरीला आमच्या गच्चीवर कार्यक्रम असतो. मसाला दूध, भेळ आणि वकीलसाहेबांची गझल. दोन वर्षांपूर्वी वकीलसाहेबांनी शमा-परवान्याचा शेर धरला. पतंग ज्योतीवर जीव ओवाळून टाकतो, इत्यादी. हात छातीवर, डोळे मिटलेले. तेवढ्यात मागून आवाज आला, "चूक आहे."

गाणं थांबलं. सर उभे होते, हातात दुधाचा पेला, त्यात एक तुडतुडा पोहत होता. "तो ओवाळून-बिवाळून काही टाकत नाही. तो दिव्याकडे पाठ करतो."

मग अर्धा तास सगळी कॉलनी चंद्र सोडून हॅलोजनकडे बघत बसली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या लोकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी रात्रीचे पतंग टिपले आणि जानेवारी २०२४ मध्ये छापलं, की उडणारा कीटक उजेडाकडे पाठ करून स्वतःला सरळ ठेवतो. लाखो वर्षं रात्री वरती आभाळच उजळ, खाली जमीन काळी. तेव्हा पाठ उजेडाकडे असली की पाय जमिनीकडे, हिशेब सोपा. माणसानं मध्येच दिवा टांगला. बिचारा बाजूनं गेला की पाठ दिव्याकडे वळवतो, त्यामुळे वाट वाकते, पुन्हा वळवतो, पुन्हा वाकते, आणि घिरट्या सुरू होतात. दिव्याच्या वर गेला तर पाठ खाली करायला जातो, उताणा होतो आणि कोसळतो. "प्रेम नाही, दिशाभूल आहे," सर म्हणाले. खात्री पटवायला त्यांनी हॅलोजन काढून फरशीवर आडवा ठेवला, तोंड आभाळाकडे. वरून जाणारे पतंग एकेक करून खरोखर उताणे झाले आणि पडले. बरेचसे मसाला दुधाच्या पातेल्यात.

वकीलसाहेबांनी तो शेर सोडला. आता ते पावसावरच्या गझला म्हणतात. पावसाळ्यातल्या कीटकांबद्दल सरांनी अजून तोंड उघडलेलं नाही, पण ते उघडणार.

माझा-सरांचा धागा मात्र कपाशीचा. गावाकडे आमची चार एकर पऱ्हाटी आहे, धाकटा भाऊ करतो. गुलाबी बोंडअळी म्हणजे काय, हे आमच्या वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. बीटी कपाशी २००२ ला आली, दुसरी दोन जनुकांची २००६ ला, तेव्हा वाटलं गेली पीडा. सर तेव्हाही सांगत फिरायचे की तिला कमी समजू नका, बांधाच्या कडेनं साधी कपाशी लावा, वेचणी संपल्यावर पीक फरदड म्हणून उभं ठेवू नका. कुणी ऐकलं नाही. पुढं हीच अळी बीटीचं बोंड सुखानं खाऊ लागली. आतमध्ये दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात बसते, बाहेरून बोंड टवटवीत. फुटल्यावर कळतं की कवडी झाली. शेतकरी डोक्याला हात लावतो, आणि सर बोंड चिरून, तो गुलाबी जीव नखाच्या टोकावर घेऊन म्हणतात, "काय ही अक्कल!" भाऊ एकदा चिडून म्हणाला, "सर, तुमी कोनाकडून हात हो?"

पण वावरात सापळे लावायला हाच माणूस दर महिन्याला येतो. कामगंध सापळा म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं, वर टोपी, खाली पिशवी, आणि टोपीत अडकवलेलं रबराचं बोंडुकं. त्याला ल्यूर म्हणतात. मादी पतंगाच्या अंगाचा जो वास असतो तो कारखान्यात बनवून त्या रबरात मुरवलेला. नर भुलून येतो, पिशवीत पडतो. वासाचं मूळ द्रव्य अमेरिकेत १९७३ साली ओळखलं गेलं. दोन घटक, जवळजवळ निम्मेनिम्मे. नाव गॉसिप्लूर. कपाशीच्या शास्त्रीय नावावरून ते आलंय हे सरांनी मला तीनदा सांगितलं, तरी मला त्यात गॉसिपच ऐकू येतं. बाईबद्दल नुसती कुजबुज, आणि गावचे पुरुष गोळा. सापळ्यातले नर रोज मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ आले की फवारणीचा विचार करायचा. त्याच्या आत पंपाला हात लावायचा नाही.

माझ्या पुतण्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं. मूर्तिजापूर रोडवरच्या एका लॉनवर, तिन्ही बाजूंना कपाशी. सर दुपारी भावाच्या वावरात जुने ल्यूर बदलायला गेले होते, तिथूनच लग्नाला आले. जुने ल्यूर वावरात टाकायचे नसतात म्हणून त्यांनी ते कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेले. रात्रीचे बारा वाजत आले तरी वरात बँडवरच नाचत होती. आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. हळूहळू सरांच्या भोवती करड्या रंगाचे बारीक पतंग जमायला लागले. दोन झाले, पाच झाले. एक कॉलरवर, एक चष्म्यावर. दिवे मांडवाकडे आणि पतंग मात्र सरांकडे.

भाऊ ओरडला, "सर, हे पाखरं तुमच्याच अंगावर कायले येऊन राह्यले?"

"पाखरं नाहीत, पतंग आहेत," सर जागचे न हलता म्हणाले. "आणि हे सगळे पुरुष आहेत."

आजूबाजूचे पाहुणे खुर्च्यांसकट वळले. नवरीच्या मामीनं विचारलं, "आणि बाई कुठं आहे?"

"बाई नाही. नुसता बाईचा वास आहे. तो माझ्या खिशात आहे."

वहिनी दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सर तिकडे मामीला समजावत होते की नुसते सापळेच नाहीत, अख्ख्या वावरभर हा वास बांधून ठेवायचीही पद्धत आहे, म्हणजे नराला मादी सापडतच नाही. मामीला कळेना. सरांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. त्या रस्त्यावर एकाला लागून एक पाच लॉन, सगळीकडे तीच रोषणाई, तोच डीजे. "आता सांगा, तुमचे किती पाहुणे दुसऱ्याच्या लग्नात जेवून गेले?" मामी म्हणाली, "आमचे जावई तिसऱ्या लॉनवर अहेर देऊन आले!" "झालं तर! तेच नराचं होतं."

परतताना स्कूटरवर भावाचा फोन आला, कोणतं औषध मारू म्हणून. सरांनी गाडी बाजूला घेतली. "औषध म्हणू नको. विष म्हण. औषध म्हटलं की माणूस ते उघड्या हातानं कालवतो." २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. सर तेव्हा तिकडे गावोगाव फिरले होते. त्या दिवसांबद्दल ते काही सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. भावाला त्यांनी आधी हातमोजे आहेत का विचारलं, मग रुमाल नको, मास्क आण म्हणाले, आणि मग म्हणाले की तूर्त काहीच मारू नको, आजचे मोजून घे.

गेल्या गणपतीनंतर सर आणि वहिनी मुलीकडे गेले. मुलगी अमेरिकेत, ॲरिझोनात, फिनिक्सला. कापसाचा मुलूख. सर महिनाभर आधीपासून हरखलेले, कारण ही गुलाबी अळी त्या देशात शंभर वर्षं ठाण मांडून होती. शास्त्रात तिची पहिली नोंद झाली ती १८४३ साली, आपल्या भडोचच्या कापसावरून. १९१७ ला ती टेक्ससला पोचलेली. म्हणजे माहेरच्या माणसानं सासरी भेटायला जावं तसं हे चाललं होतं. तिकडच्यांनी तिच्यासाठी काय केलं नाही? फिनिक्सच्या कारखान्यात अळ्या वाढवल्या, किरणांनी त्यांच्या पतंगांना वांझ केलं आणि विमानांतून अब्जावधी पतंग कपाशीवर सोडले. अळ्यांच्या खाण्यात लाल रंग घातलेला, म्हणजे सापळ्यात पतंग सापडला की चिरडून बघायचा, आतून लाल निघाला तर आपला. जोडीला बीटी कपाशी, वासाच्या दोऱ्या. २०१८ मध्ये सरकारनं जाहीर केलं, देशातल्या कपाशीत ही अळी उरली नाही.

हे सगळं सरांनीच मला शिकवलेलं. तरी तिथं जाऊन ते रोज सकाळी जावयाला गाडी काढायला लावत आणि कपाशीच्या कडेला उभं राहून बोंडं उकलून बघत. एकदा त्या शेताचा मालक गाडी घेऊन आला. काय शोधता म्हणाला. सरांनी नाव सांगितलं. तो म्हातारा खूश झाला, छाती फुगवून म्हणाला, "ती गेली. एकसुद्धा राहिली नाही." सर चटकन म्हणाले, "अरेरे."

हे मला मुलीनं फोनवर सांगितलं. "काका, बाबांचं इथं मन रमत नाही. घरात साधं झुरळ नाही हो."

पुढच्या आठवड्यात सरांचाच फोन आला. भावाच्या वावरातल्या सापळ्यांचं काय? कोणी मोजतंय का? मी म्हटलं, भाऊ मोजतो. "तो अंदाजे सांगतो. तुम्ही जा." या वयात पहाटे पाचला उठून स्कूटरवर वीस किलोमीटर! पण गेलो. पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी अकरा. दोन्ही दिवस मी फोटो पाठवला, तिकडून उत्तर आलं, "पंख झिजलेले आहेत का?"

तिसऱ्या दिवशी सर व्हिडिओवरच आले. आपल्याकडे सकाळचे सहा, त्यांच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ, मागे वाळूच्या रंगाची भिंत. माझ्या पायाला दव, हातात सापळ्याची पिशवी. पिशवीत खालचे निपचित, वरचे अजून फडफडत होते, करडी भुकटी प्लास्टिकला लागलेली. भाऊ शेजारी तोंड पाडून उभा.

"किती?"

मी पिशवी उजेडाकडे धरून पुन्हा मोजले. "चौदा."

सरांचा चेहरा असा उजळला की भावानंसुद्धा वाकून पडद्यात पाहिलं. मग बहुधा आमची तोंडं त्यांना दिसली असावीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाईट झालं," सर म्हणाले. "फार वाईट झालं. सलग तीन रात्री. आता आज वीस हिरवी बोंडं तोडून, चिरून बघा, आत किती सापडतात ते मला सांगा, मग काय ते ठरवू. हातमोजे घेतले का त्यानं? बरं." आणि तोंड मोबाईलच्या अगदी जवळ आणून, "पिशवी जरा अशी वळवा. नाही, इकडून. तो वर चढतोय ना, तो. तो दाखवा."